वाचकांचे प्रश्न : क्रिस्टी मूर यांची गाणी आणि त्यामागचा आयर्लंड

मागील अंकातील आयर्लंडच्या लोकसंगीतावरील लेखात गायक क्रिस्टी मूर यांचा ओझरता उल्लेख होता. बँकेतील नोकरी सोडून गायक झालेला माणूस, न्यायालयाने अडवलेले एक गाणे आणि आयर्लंडच्या राजकारणाशी आलेला संबंध, एवढ्याच गोष्टी तेथे नोंदवल्या होत्या. त्यांविषयी अधिक माहिती मागणारी पत्रे आमच्याकडे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : बँकेत काम करणारा तरुण लोकगायक कसा झाला? त्यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते का?

क्रिस्टी मूर यांचा जन्म ७ मे १९४५ रोजी किल्डेअर परगण्यातील न्यूब्रिज या गावी झाला. शालेय शिक्षण संपल्यावर त्या काळातील मध्यमवर्गीय आयरिश कुटुंबांना सर्वांत सुरक्षित वाटणारी नोकरी, म्हणजे बँकेतील कारकुनी, त्यांना मिळाली. १९६६ साली आयर्लंडमधील बँक कर्मचाऱ्यांनी संप पुकारला आणि तो अनेक आठवडे चालला. पगार बंद झाल्यामुळे अनेक तरुण कर्मचारी समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले आणि मिळेल ते काम करू लागले. मूरही त्यांच्यापैकीच एक होते. पुढे संप मिटला, पण ते परत नोकरीवर रुजू झाले नाहीत. दिवसा बांधकामावर किंवा तत्सम अंगमेहनतीच्या कामावर जायचे आणि संध्याकाळी फोक क्लबांत गायचे, असा त्यांचा पुढील काही वर्षांचा क्रम होता.

या क्लबांविषयी थोडे सांगायला हवे, कारण मूर यांचे खरे शिक्षण तेथेच झाले. १९६० च्या दशकात इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये असे शेकडो क्लब होते. बहुधा एखाद्या पबच्या वरच्या मजल्यावरील खोलीत ते भरत आणि तेथे ध्वनिवर्धकाची सोय क्वचितच असे. समोर चार हातांवर बसलेल्या श्रोत्यांना गायकाने केवळ आवाजाच्या, गिटारच्या आणि बोलण्याच्या बळावर धरून ठेवायचे असे. धृपद आले की श्रोते त्यात सामील होत. गाणे रटाळ झाले तर त्यांचे लक्ष उडाल्याचे गायकाला तत्काळ कळे. हॅमिश इमलाक या स्कॉटिश गायकाचा मूर यांच्यावर या काळात मोठा प्रभाव पडला. त्याआधी, किशोरवयात, क्लॅन्सी बंधूंच्या गाण्यांनी त्यांना आयरिश लोकगीतांकडे वळवले होतेच. संगीताची पदवी किंवा परीक्षा त्यांच्या वाटेत कोठेही येत नाही.

१९६९ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘पॅडी ऑन द रोड’ निघाली. तिची निर्मिती डॉमिनिक बिहन यांनी केली होती आणि तिच्या केवळ ५०० प्रती काढण्यात आल्या होत्या.

प्रश्न : ‘प्रॉस्परस’ या ध्वनिमुद्रिकेला आयरिश संगीताच्या इतिहासात एवढे महत्त्व का दिले जाते?

प्रॉस्परस हे किल्डेअर परगण्यातील एक खेडे आहे. तेथील एका जुन्या, मोठ्या घरात मूर यांची बहीण राहत असे. १९७१ च्या उन्हाळ्यात त्या घरात ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणून बिल लीडर या इंग्रज ध्वनिमुद्रकाने हे काम केले. कलावंतांना स्टुडिओत बोलावण्यापेक्षा ते जेथे मोकळेपणाने गातात तेथे आपण जावे, अशी लीडर यांची कामाची पद्धत होती. मूर यांच्याबरोबर त्या घरात जे वादक जमले, त्यांत डॉनल लनी, अँडी अर्वाइन आणि लिअम ओफ्लिन हे तिघे होते. ध्वनिमुद्रिका १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी या चौघांचा ‘प्लँक्स्टी’ हा संच उभा राहिला.

त्या वेळेपर्यंत आयर्लंडमध्ये दोन प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे वाहत होते. गिटार घेऊन धृपदाची गाणी म्हणणारे गायक एकीकडे होते, तर इलन पाइप्स, फिडल, बासरी यांवर पिढीजात धून वाजवणारे वादक दुसरीकडे होते. ओफ्लिन हे या दुसऱ्या परंपरेत शिस्तीने वाढलेले पाइप्सवादक होते. इलन पाइप्समध्ये फुंकर मारावी लागत नाही, कोपराखाली धरलेल्या भात्याने पिशवीत हवा भरली जाते आणि त्यामुळे स्वर अधिक मऊ, अधिक घरगुती निघतो. लनी आणि अर्वाइन यांनी ग्रीक बुझुकी आणि मँडोलिन यांच्या तारांचा गुंतलेला पोत गाण्यामागे विणला. १९७३ मध्ये आलेल्या ‘प्लँक्स्टी’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिलेच गाणे ऐकावे. जिप्सींच्या मागे घरदार सोडून निघून जाणाऱ्या श्रीमंत स्त्रीची ती जुनी कथा मूर गात असतात. कथा संपते, पण वाद्ये थांबत नाहीत, ती वळत वळत एका प्राचीन हार्पच्या धूनमध्ये शिरतात आणि मग पाइप्स पुढे येतात. गाणे आणि धून यांच्यातला सांधा त्या क्षणी कानाला जाणवतच नाही. आयर्लंडमधील एका पूर्ण पिढीला आपल्याच आजोबांचे संगीत त्या सांध्यातून पुन्हा भेटले, असे आम्हांला वाटते. आणि हे म्हणताना आम्ही अतिशयोक्ती करत नाही. पुढील पन्नास वर्षांतील आयरिश संचांच्या वाद्यमेळात बुझुकी ज्या सहजतेने बसलेली दिसते, तिचा उगम बऱ्याच अंशी येथे आहे.

मूर १९७४ मध्ये संचातून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी पॉल ब्रेडी आले. १९७५ मध्ये संच थांबला, पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा जमला आणि २००४ मध्ये मूळ चौघे पुन्हा एका मंचावर आले. लिअम ओफ्लिन यांचे २०१८ मध्ये निधन झाले.

प्रश्न : मूर यांची गाजलेली बहुतेक गाणी इतरांनी लिहिलेली आहेत असे वाचनात आले. मग निषेधगीतांचा कवी म्हणून त्यांचा गौरव करणे कितपत योग्य आहे?

वाचकाने मांडलेली वस्तुस्थिती खरी आहे. ‘राइड ऑन’ हे त्यांचे कदाचित सर्वांत लोकप्रिय गाणे कॉर्कच्या जिमी मॅकार्थी यांचे आहे. ‘ऑर्डिनरी मॅन’ हे कारखाना बंद पडल्याने बेकार झालेल्या कामगाराचे गाणे पीटर हेम्स या इंग्रज गीतकाराने लिहिले. ‘सिटी ऑफ शिकागो’ हे दुष्काळात अमेरिकेला गेलेल्या आयरिश लोकांवरील गाणे त्यांच्या धाकट्या भावाचे आहे. हा भाऊ पुढे लुका ब्लूम या नावाने स्वतंत्र गायक म्हणून प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये खड्डे खणणाऱ्या आयरिश मजुरांवरील ‘डोंट फर्गेट युवर शव्हल’ क्रिस्टी हेनेसी यांचे आहे. तेव्हा कवी हे बिरुद त्यांच्यासाठी अपुरे आणि काहीसे चुकीचेही ठरते. ते गायक आहेत आणि गायकाचे काम त्यांनी फार मोठ्या अर्थाने घेतले आहे.

हा अर्थ त्यांना कोठे सापडला हे पाहायचे तर जॉन रायली या माणसाकडे जावे लागते. रायली हे आयर्लंडच्या भटक्या समाजातील होते आणि रॉसकॉमन परगण्यातील बॉइल या गावी अत्यंत गरिबीत राहत. अक्षरओळख जवळपास नसलेल्या या माणसाच्या मुखात शतकांपूर्वीची कथागीते शाबूत होती. मूर यांनी तरुणपणी त्यांना गाताना ऐकले. संग्राहक टॉम मनली यांनी त्यांच्याकडून जी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांत ‘द वेल बिलो द व्हॅली’ हे एक होते. विहिरीवर पाणी भरणाऱ्या स्त्रीला एक अनोळखी वाटसरू तिच्या आयुष्यातील दडवलेली भीषण सत्ये, तिच्याच घरातील पुरुषांनी तिच्यावर लादलेली अपत्ये आणि त्यांचे मृत्यू, एकामागून एक सांगत जातो, असे ते कथागीत आहे. मौखिक परंपरेतून ते जवळपास नाहीसे झाले आहे असे अभ्यासकांना वाटत होते. रायली यांचे १९६९ मध्ये निधन झाले. १९७३ मध्ये प्लँक्स्टीने आपल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेला याच गाण्याचे नाव दिले. मूर ते गातात तेव्हा आवाज चढवत नाहीत, दुःखाचा आविर्भाव आणत नाहीत. स्त्रीच्या आणि वाटसरूच्या तोंडची वाक्ये एकाच सपाट, न हलणाऱ्या स्वरात येत राहतात आणि मधले धृपद प्रत्येक वेळी अधिक जड होत जाते.

कथागीताची ही जुनी रीत, म्हणजे घटना कोठे घडली, कोणाच्या बाबतीत घडली आणि पुढे काय झाले एवढे सांगायचे व निवाडा ऐकणाऱ्यावर सोपवायचा, मूर यांनी आजच्या घटनांसाठी वापरली. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीचे मर्म येथे आहे. लोकगायक मूर आणि निषेधगायक मूर असे दोन भाग पाडले जातात ते सोयीसाठी. प्रत्यक्षात रायली यांच्याकडून घेतलेली विद्याच ते पुढे तुरुंग, अणुभट्टी आणि आगीत सापडलेली मुले यांच्या संदर्भात वापरत राहिले. हाच धागा त्यांनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांतही आहे. ‘व्हिव्हा ला किंता ब्रिगादा’ हे स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर लष्करी नेता जनरल फ्रँको याच्याविरुद्ध लढलेल्या आयरिश स्वयंसेवकांवरील गाणे त्यांचे स्वतःचे आहे. मायकल ओरिअर्डन या त्या युद्धातील सैनिकाने लिहिलेले पुस्तक वाचून ते सुचले. त्यात घोषणा थोड्या आणि नावे पुष्कळ आहेत; कोण कोठून आला, कोण धर्मोपदेशक होता, कोण परतला नाही, हे गाणे नोंदवत जाते, आणि त्याच वेळी फ्रँकोच्या बाजूने लढायला गेलेले आयरिश लोकही त्यातून सुटत नाहीत.

प्रश्न : न्यायालयाने त्यांचे जे गाणे अडवले त्यात आक्षेपार्ह काय होते? कवितेमुळे न्यायालयाचा अवमान कसा काय होऊ शकतो?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण गाणे समजण्यासाठी आधी घटना समजून घ्यावी लागते.

१४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिनच्या उत्तरेकडील आर्टेन भागातील ‘स्टारडस्ट’ या नृत्यगृहाला आग लागली. व्हॅलेंटाइनच्या रात्रीचा कार्यक्रम होता आणि आत शेकडो तरुण मुले-मुली होती. ४८ जणांचा मृत्यू झाला आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. मृतांपैकी बहुतेक जण जवळपासच्या कामगार वस्त्यांतील होते, काही घरांतून एकाहून अधिक मुले गेली. बाहेर पडण्याच्या संकटकालीन दारांना साखळ्या आणि अडथळे होते, प्रसाधनगृहांच्या खिडक्यांना गज होते. सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायाधिकरणाने १९८२ मध्ये व्यवस्थापनावर टीका केली, परंतु आग बहुधा कोणीतरी मुद्दाम लावली असावी असाही निष्कर्ष काढला. या निष्कर्षाच्या आधारे मालकांना नुकसानभरपाई मागता आली. मृतांच्या आईवडिलांच्या वाट्याला मात्र, आपल्याच मुलांपैकी कोणी आग लावली असावी, हा न बोलता पसरलेला संशय आला.

मूर यांनी या घटनेवर ‘दे नेव्हर केम होम’ हे गाणे लिहिले आणि १९८५ च्या ‘ऑर्डिनरी मॅन’ या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट केले. मुले नटून घराबाहेर पडतात तेथून गाणे सुरू होते, रुग्णालयात आणि शवागारात शोध घेणाऱ्या आईवडिलांपर्यंत जाते, आणि एवढी मुले जखमी झाली ती दारांना साखळ्या होत्या म्हणूनच, असे सरळ वाक्यात सांगते. आक्षेप याच वाक्यावर आला. आगीशी संबंधित नुकसानभरपाईची प्रकरणे त्या वेळी न्यायप्रविष्ट होती. दोष कोणाचा हे न्यायालयात ठरायचे असताना गाण्याने ते जाहीरपणे ठरवून टाकले, आणि त्यामुळे सुनावणीवर परिणाम होऊ शकतो, या कारणाने उच्च न्यायालयाने तो न्यायालयाचा अवमान मानला. ध्वनिमुद्रिका बाजारातून मागे घ्यावी लागली आणि त्या गाण्याच्या जागी ‘अनदर साँग इज बॉर्न’ हे दुसरे गाणे घालून ती पुन्हा काढण्यात आली. पहिल्या छपाईच्या ज्या प्रती त्याआधीच विकल्या गेल्या होत्या, त्या आज संग्राहक जपून ठेवतात.

कायद्याच्या चौकटीत न्यायालयाचा युक्तिवाद अनाकलनीय नाही. न्यायप्रविष्ट प्रकरणात दोषारोप करू नये, हा नियम वर्तमानपत्रांना लागू होतो तसा तो गाण्यालाही लावला गेला. परंतु त्यामागची विसंगती कुटुंबांना जन्मभर सलत राहिली. दारांना अडथळे होते असे म्हणणाऱ्या गाण्यावर कारवाई झाली, आणि आग मुद्दाम लावली गेली असावी असे म्हणणारा निष्कर्ष मात्र सरकारी दप्तरात अधिकृत सत्य म्हणून राहिला. तो निष्कर्ष पुराव्याला धरून नाही हे अधिकृतपणे मान्य व्हायला २००९ साल उजाडावे लागले. मृत्यूंची नव्याने न्यायचौकशी एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. १८ एप्रिल २०२४ रोजी ज्यूरीने निर्णय दिला की सर्व ४८ जणांचा मृत्यू हा बेकायदेशीर मनुष्यवध होता आणि आगीचे कारण विजेतील बिघाड हे होते. पाचच दिवसांनी पंतप्रधान सायमन हॅरिस यांनी राज्याच्या वतीने संसदेत कुटुंबांची माफी मागितली. दारांविषयी त्या गाण्यात जे म्हटले होते ते अधिकृत निर्णयाच्या पातळीवर पोहोचायला जवळपास ३९ वर्षे लागली. या प्रदीर्घ लढ्याचे श्रेय सर्वस्वी त्या कुटुंबांचे आहे, विशेषतः त्या वस्त्यांमधील मातांचे आणि बहिणींचे. गाण्याने एवढेच केले की मधल्या काळात आर्टेनबाहेरच्या लोकांना ती मुले विसरू दिली नाहीत, आणि आम्हांला हे काम लहान वाटत नाही.

प्रश्न : हिंसाचाराला पाठिंबा देणारे गायक, अशी त्यांच्यावर टीका झाली. ती कितपत खरी आहे?

या विषयावर गुळमुळीत उत्तर देणे वाचकांवर अन्याय ठरेल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकात मूर हे उत्तर आयर्लंडमधील प्रजासत्ताकवादी, म्हणजे तो प्रदेश ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडू पाहणाऱ्या, कैद्यांच्या बाजूने उघडपणे उभे होते. मेझ तुरुंगातील एच-ब्लॉकमधील कैद्यांना राजकीय कैद्यांचा दर्जा मिळावा यासाठी चाललेल्या मोहिमेत ते गात. १९८१ च्या उपोषणात दहा कैदी मरण पावले. त्यांतील पहिले बॉबी सँड्स ५ मे १९८१ रोजी, उपोषणाच्या ६६ व्या दिवशी, वयाच्या २७ व्या वर्षी गेले. मृत्यूपूर्वी काही आठवडे ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले होते. सँड्स यांनी तुरुंगात लिहिलेली दोन गीते मूर यांनी १९८४ च्या ‘राइड ऑन’ या ध्वनिमुद्रिकेत गायली. त्यांतील ‘बॅक होम इन डेरी’ हे १८०३ मध्ये जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाकडे पाठवल्या गेलेल्या बंडखोर कैद्यांचे गीत आहे आणि त्याला गॉर्डन लाइटफूट या कॅनेडियन गायकाच्या एका गाण्याची चाल आहे. दुसरे, ‘मॅकिलहॅटन’, डोंगरात चोरून दारू गाळणाऱ्या माणसाचे खेळकर गीत आहे. उपोषणात मृत्यू आलेल्या कैद्याच्या हातून असे हसरे गीत लिहिले गेले असेल, ही गोष्ट अनेक श्रोत्यांना पहिल्यांदा मूर यांच्याकडून कळली.

त्या काळी आयर्लंडमध्ये प्रसारण कायद्याच्या कलम ३१ खाली काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर ऐकवण्यास मनाई होती. ही मनाई १९९४ पर्यंत चालली. जे बोलता येत नाही ते गाण्यातून सांगितले जाण्याला अशा वातावरणात फार मोठे वजन येते, आणि तेवढीच जबाबदारीही येते.

८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलन येथे युद्धस्मारकापाशी जमलेल्या लोकांमध्ये आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र प्रजासत्ताकवादी संघटनेचा बॉम्ब फुटला आणि ११ जण ठार झाले. त्यानंतर मूर यांनी सशस्त्र लढ्याला असलेला आपला पाठिंबा काढून घेतला आणि तसे सांगितलेही. तो आधी होता हे त्यांनी लपवलेले नाही. आमचे मत असे की १९८७ पूर्वीची त्यांची काही भूमिका समर्थनीय नव्हती. कैद्यांच्या माणुसकीची साक्ष देणे आणि त्यांच्या संघटनेच्या बंदुकीला बळ देणे यांमधील रेषा त्यांनी त्या काळात नेहमीच पाळली असे म्हणता येणार नाही. त्याचबरोबर, रेषा ओलांडल्याचे जाणवल्यावर आपल्याच श्रोत्यांसमोर भूमिका बदलणारे कलावंत थोडे असतात, हेही नोंदवायला हवे. जुना शिक्का मात्र पुसला गेला नाही. २००४ मध्येही वेल्समधील होलिहेड बंदरावर दहशतवादविरोधी कायद्याखाली त्यांना थांबवून त्यांची चौकशी करण्यात आली होती.

प्रश्न : उत्तर आयर्लंडखेरीज अन्य विषयांवर त्यांनी गाणी केली आहेत का? त्यांचा काही उपयोग झाला का?

१९७० च्या दशकात वेक्सफर्ड परगण्यातील कार्नसोर पॉइंट या समुद्रकाठच्या जागी अणुवीज प्रकल्प उभारण्याची सरकारची योजना होती. ऑगस्ट १९७८ मध्ये त्याच जागेवर विनामूल्य संगीतमेळावा भरवण्यात आला आणि हजारो लोक तंबू ठोकून राहिले. मूर त्यात आघाडीवर होते आणि पुढे याच मोहिमेसाठी ते देशभर गात फिरले. प्रकल्प अखेर गुंडाळला गेला. वीजमागणीचे आणि खर्चाचे बदललेले हिशेब, तसेच अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातील १९७९ चा अपघात, हीही त्यामागची कारणे होती. पण लोकमत तयार करण्यात त्या मेळाव्यांचा वाटा होता हे मान्य केले जाते. १९८१ मध्ये लनी आणि गिटारवादक डेक्लन सिनट यांच्याबरोबर त्यांनी ‘मूव्हिंग हार्ट्स’ हा संच काढला. सर्वांची समान मालकी असलेली सहकारी तत्त्वावरील ही रचना होती, आणि पाइप्सला रॉक व जॅझची जोड देणारा तिचा आवाज त्या काळी अगदी नवा होता. अण्वस्त्रांवरील जिम पेज यांचे गाणे त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आहे. मूर १९८२ मध्ये त्यातूनही बाहेर पडले. मोठ्या संचाच्या गजरात त्यांचा बोलण्याजवळचा आवाज दबतो असे ती मुद्रणे ऐकताना आम्हांला अनेकदा वाटते.

याहूनही महत्त्वाचे वाटते ते १९८९ च्या ‘व्हॉयेज’ मधील ‘मिडल ऑफ द आयलंड’. ३१ जानेवारी १९८४ रोजी लाँगफर्ड परगण्यातील ग्रॅनर्ड गावी अ‍ॅन लव्हेट ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी, गावातील मेरीमातेच्या मूर्तीपाशी, एकटीच प्रसूत झाली. बाळ गेले आणि ती स्वतःही त्याच दिवशी गेली. त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी आयर्लंडने सार्वमत घेऊन गर्भपातबंदी राज्यघटनेत घातली होती. ती २०१८ पर्यंत तेथे राहिली. अ‍ॅनच्या मृत्यूनंतर नभोवाणीकडे देशभरातील स्त्रियांची पत्रे आली, ज्यांत अनेकींनी आयुष्यात पहिल्यांदाच आपापल्या लपवलेल्या प्रसूतींविषयी लिहिले. मूर यांच्या या गाण्यात आयरिश गायिका सिनेड ओकॉनर यांचा आवाज आहे. गाणे फार थोड्या शब्दांचे आहे आणि ते गावाला शिव्याशाप देत नाही. सर्वांना माहीत होते आणि कोणालाच माहीत नव्हते, ही अवस्था ते पुढे ठेवते. ‘द वेल बिलो द व्हॅली’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना दोन्ही गाण्यांतील नाते सांगावे लागणार नाही. भटक्या समाजातील एका गरीब गायकाने जपलेले कथागीत आणि १९८० च्या दशकातील एका खेड्याची बातमी यांत एकच स्त्री उभी आहे.

पुढे २००५ च्या ‘बर्निंग टाइम्स’ मध्ये त्यांनी मॅग्डलिन धुलाईगृहांवरील जोनी मिचेल यांचे गाणे घेतले. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना चर्चच्या देखरेखीखाली तेथे बिनपगारी राबवले जाई. त्याबद्दल आयर्लंडच्या सरकारने माफी मागितली ती २०१३ मध्ये.

प्रश्न : एवढी सगळी दुःखाची गाणी ऐकून मन खिन्न होत नाही का?

त्यांच्या कार्यक्रमांतील जवळपास निम्मा वेळ लोक हसत असतात. क्लेअर परगण्यातील संगीतमहोत्सवावरील ‘लिसडूनव्हार्ना’ हे त्यांचे गाणे म्हणजे गर्दी, पाऊस, खाणेपिणे आणि नामवंतांची वाट्टेल तशी यादी आहे. १९८८ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत आयर्लंडने इंग्लंडला १-० असे हरवले त्यावरही त्यांचे गाणे आहे. दारूच्या विळख्यावर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे विनोदी गाणे त्यांनी केले आणि तो विळखा त्यांना स्वतःला चांगलाच माहीत होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दारू सोडली. प्रकृतीच्या तक्रारींमुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दौरे थांबवले, नंतर डेक्लन सिनट यांच्या साथीने ते बेताच्या प्रमाणात पुन्हा सुरू केले.

प्रश्न : नव्या श्रोत्याने सुरुवात कोठून करावी?

प्रथम ‘राइड ऑन’ ऐकावी. १९८४ ची ही ध्वनिमुद्रिका त्यांच्या स्वभावाचे सर्व पदर दाखवते आणि तीत वाद्ये मोजकी असल्यामुळे शब्द स्पष्ट कळतात. त्यानंतर प्लँक्स्टीची १९७३ ची पहिली ध्वनिमुद्रिका, आणि मग १९९४ ची ‘लाइव्ह अ‍ॅट द पॉइंट’, जी डब्लिनच्या एका मोठ्या सभागृहातील कार्यक्रमांची आहे. हजारो लोकांसमोर एकटा माणूस गिटार घेऊन उभा असतो, कधी गिटारही बाजूला ठेवतो आणि केवळ बौरॉनवर, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याच्या उथळ डफावर, हाताने ताल धरून गातो. एवढ्या मोठ्या जागेतही फोक क्लबच्या खोलीतील जवळीक टिकते ती कशी, हे तेथे ऐकायला मिळते. अलीकडचे काही हवे असल्यास २०२१ ची ‘फ्लाइंग इंटू मिस्टरी’ आणि २०२४ ची ‘अ टेरिबल ब्यूटी’ या दोन्ही उपलब्ध आहेत. ‘ऑर्डिनरी मॅन’ घेताना तीत ‘दे नेव्हर केम होम’ आहे की त्याच्या जागी घातलेले गाणे आहे हे गाण्यांच्या यादीत पाहावे.